पहिल्या पाळीची थंडी: रोज मोटारसायकलवर कामाला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

निफाड, सायखेडा, पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या बाजूंनी रोज सकाळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा नाशिक शहरात गाडीवर येणारी मंडळी दिवाळी सरली की हेच प्रश्न विचारायला लागतात. त्यामुळे उत्तरंही इथल्याच थंडीची आहेत: पहाटे आठ अंश, दुपारी एकोणतीस. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीकडे जाणाऱ्यांना ती बहुतेक लागू पडतील. लडाखच्या सहलीची तयारी करणाऱ्यांना यातलं फार काही कामाचं नाही, आणि मुंबईकरांनी करमणूक म्हणून वाचावं.

पेपरात तर १० अंश लिहिलेलं असतं. मग गाडीवर एवढं काकडायला का होतं?

एक तर तो आकडा तुमच्या रस्त्यावरचा नसतो. निफाडचा म्हणून जो पारा बातमीत येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो, आणि नाशिक शहराच्या तुलनेत तो बऱ्याचदा दोन-चार अंशांनी खाली असतो. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. म्हणून गोदावरीचा पूल, कालव्याकाठचा रस्ता, नुकतं पाणी दिलेल्या शेताची कड अशा ठिकाणी अचानक गारठा वाढल्यासारखा वाटतो. तो भास नसतो.

खरं कारण मात्र वारा. आपलं अंग भोवतीच्या हवेचा एक पातळ थर सतत गरम करत असतं आणि त्या थरात आपण ऊब धरून असतो. वारा तो थर उडवून नेतो, अंग पुन्हा नवा थर गरम करतं, वारा तोही नेतो. उभ्या माणसाला सकाळी वारा नसतोच म्हटलं तरी चालेल, पण ६० च्या वेगानं निघालात की तुम्ही स्वतःच ताशी ६० किलोमीटरचं वारं अंगावर ओढून घेता. कॅनडा-अमेरिकेतली हवामान खाती वाऱ्यातली थंडी काढायला जे सूत्र वापरतात ते लावलं तर ८ अंशांत ६० च्या वेगाला उघड्या कातडीला साधारण २ अंशांएवढं गार लागतं. १० अंशांत ५० च्या वेगाला ५-६ अंश. ही थंडी पाऊण तास अंगावर घ्यायची असते, हे विसरू नका.

यातूनच एक फुकटचा उपाय निघतो. ६० ऐवजी ४५ नं गेलात तर थंडी लगेच कमी लागते, आणि पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यात आठ-नऊ मिनिटांचाच फरक पडतो. घरातून आठ-नऊ मिनिटं आधी निघणं कुणालाच जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन स्वेटर घालतो तरी हुडहुडी भरते. तिसरा घालू का?

नको. स्वेटर ऊब धरतो, वारा अडवत नाही. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे घरात अंगात घाम आणणारा स्वेटर गाडीवर जाळीसारखा वागतो. एक स्वेटर आणि त्यावर वारा न शिरणारं एक पातळ आवरण हे तीन स्वेटरांना भारी पडतं. ते आवरण म्हणजे जर्किन, विंडचीटर, आणि काहीच नसेल तर पावसाळ्यातला रेनकोट. रेनकोट हिवाळ्यात माळ्यावर टाकणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. घरात असलेला तो सगळ्यात चांगला वाराबंद कपडा आहे. दिसायला विचित्र दिसतं, मान्य, पण सहा वाजता बघायला असतं कोण?

आतला कपडा कोणता हेही बघा. सुती बनियन घाम धरून ठेवतं. गाडी ढकलून, जिना उतरून, घाईघाईत घाम आला आणि मग वाऱ्यात निघालात की तेच ओलं बनियन पाठीला बर्फ लावतं. थर्मलचा पॉलिस्टरचा पातळ शर्ट अंगाला चिकटून बसतो आणि घाम बाहेर सोडतो. तो घट्टच हवा, ढगळ नको. मधला थर स्वेटर किंवा फ्लीसचा. सगळ्यात वर वाराबंद. एवढे तीन थर नाशिकच्या कुठल्याही थंडीला पुरतात.

आणि हो, छातीवर वर्तमानपत्र. जर्किनच्या आत, स्वेटरच्या वर, चार पानं घडी करून पोटापासून गळ्यापर्यंत सरकवायची. दूधवाले आणि पेपरवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत आणि ते चालतं, कारण कागदातून वारा जात नाही. कारखान्यात पोचल्यावर काढून वाचताही येतो.

पैसे थोडेच आहेत. आधी काय घ्यावं?

हातमोजे. मग गळा. मग वाराबंद जर्किन. मग गुडघे. बाकी सगळं त्यानंतर.

हेल्मेट या यादीत नाही, कारण ते आधीच डोक्यावर असायला हवं. आयएसआयचा शिक्का असलेलंच. १ जून २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे-अडीचशेत टोपल्या विकल्या जातात. हेल्मेट नसेल तर कलम १९४ड खाली १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन. आपल्याकडे चांगल्या हेल्मेटांसाठी फार लांब जायला नको, वेगाची हेल्मेटं बेळगावातच बनतात.

हातमोजे कुठले? रस्त्यावर शंभराला मिळतात ते चालतील का?

इथं जरा थांबून सांगतो, कारण थंडीत गाडीवर हातांइतकं महत्त्वाचं काहीच नाही.

अंगाला थंडी लागली की शरीर पोटातली-छातीतली ऊब राखायला हातापायांचं रक्त कमी करतं. म्हणून सगळ्यात आधी बोटं जातात. आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. दुखायची थांबली की लोकांना वाटतं हात सरावले. सरावलेले नसतात, बधिर झालेले असतात. अशा बोटांनी ब्रेक किती दाबला ते कळत नाही, आणि दाबायलाही उशीर होतो. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर. मधे कुत्रं, दूधवाला किंवा स्पीडब्रेकर असायला एवढं अंतर पुष्कळ झालं.

लोकरीचे मोजे गाडीवर बाद. वारा आरपार जातो आणि मुठीवर हात घसरतो. शंभरवाल्या रेक्झिनच्या मोज्यांत वारा अडतो, पण एक उलटवून बघा: बोटाच्या टोकाशी आतल्या बाजूला शिवणीची जाड गाठ असते. ती नखाखाली टोचत राहते, आणि लिव्हर ओढताना नेमका तिथेच दाब येतो. आठवडाभरात ती शिवण उसवते आणि करंगळी बाहेर.

दुकानात मोजा घातल्यावर दोन गोष्टी करा. मूठ आवळा: बोटांवर ताण येत असेल तर मोजा लहान आहे, आणि घट्ट मोजा रक्त अडवून हात आणखी गार करतो. मग बाहेर आपल्या गाडीपाशी येऊन क्लच, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न सगळं चाचपून बघा. अंगठ्याला इंडिकेटरचं बटण कळत नसेल तर तो मोजा बर्फात खेळायला ठीक आहे. मनगट झाकणारा, पट्टीनं आवळता येणारा मोजा घ्या, म्हणजे जर्किनची बाही त्याच्या आत किंवा वर नीट बसते. मनगटाशी दोन बोटांएवढी जागा उघडी राहिली तरी वारा बाहीतून थेट काखेपर्यंत जातो. तळहाताला चामडं असलेलं उत्तम, कारण पडताना माणूस आधी हातच टेकतो.

चांगल्या मोज्यालाही पैसे नसतील तर आत पातळ सुती किंवा नायलॉनचे मोजे घालून वर ढगळ रेक्झिनचे घाला. वर्कशॉपमधले पातळ सेफ्टी हँडग्लोव्हज आत घालणारे बरेच आहेत, तेही चालतं.

हँडलवर लावायचे ते मोठे कव्हर कसे?

हात आत घालायचं ते हँडल कव्हर, उत्तरेत दिल्लीकडे सर्रास दिसतं तसं. थंडीला अप्रतिम. पण हात चटकन बाहेर काढता आला पाहिजे आणि आत ब्रेक-क्लच दिसत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर सवय करा. कव्हर ढिलं असेल तर वाऱ्यानं मागे दबून लिव्हरवर रेलतं, ब्रेकचा दिवा पेटता राहतो. ते तेवढं तपासा. प्लॅस्टिकचे हँडगार्ड यापेक्षा साधे आणि बिनधोक, मुठीवर येणारा थेट वारा तरी तोडतात. गरम होणाऱ्या मुठी १००-१२५ सीसीच्या गाडीवर लावायच्या आधी मेकॅनिकला विचारा. लहान गाडीचं चार्जिंग बेताचंच असतं, आणि सकाळी हेडलाइटही चालूच असतो.

सिग्नलला सायलेन्सरवर हात शेकले तर?

रेक्झिन वितळून चिकटतं. आणि बधिर बोटांना चटका कधी बसला ते कळत नाही. त्यापेक्षा इंजिनाच्या बाजूला, न टेकवता, हात धरा, किंवा हात काखेत घाला. खांद्यातून हात जोरात गोल फिरवला तर रक्त बोटांत येतं. शिफ्टच्या गेटवर चारजण असे हात फिरवताना दिसले की नवीन वॉचमन घाबरतो, पण उपयोग होतो.

हेल्मेटखाली माकडटोपी घालावी का?

जाड विणीची नको. हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं तरच कामाचं. मधे लोकरीचा जाड थर आला की एक तर ते बसत नाही, किंवा बसतं आणि डोक्यावर सैल फिरतं. पातळ कापडाचं बालाक्लाव्हा घ्या, शंभर-दोनशेत मिळतं, डोकं, कान, मान सगळं झाकतं आणि हेल्मेटच्या बसण्यात फरक पडत नाही. फुल फेस हेल्मेट असेल तर कानांची थंडी मुळातच निम्मी होते. अर्ध्या हेल्मेटवाल्यांनी थंडीची तक्रार करूच नये, असं माझं मत आहे.

गळ्याला नळीसारखा गोल बफ. मफलर घालायचाच तर दोन्ही टोकं जर्किनच्या आत खोचून वर चेन लावा. हेच ओढणी, स्कार्फ, साडीचा पदर यांना. लोंबतं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं की गळ्याला फास बसतो, आणि असे अपघात होतात.

श्वासानं हेल्मेटची काच धुकते. दर मिनिटाला पुसायची का?

श्वासातली वाफ गार काचेला लागली की तिचे थेंब होतात. वाफ कमी करा किंवा काच गार होऊ देऊ नका, एवढे दोनच मार्ग. काच एक खाच वर उचलून ठेवा. हनुवटीजवळची हवेची झडप उघडी असेल तर तिथून येणारा वारा काचेवर आतून फिरतो. हेल्मेटला आतून नाकावर येणारी पट्टी असेल तर श्वास खाली जातो. बफ नाकावर ओढून घेणारे मात्र काच आणखी धुकवतात, कारण वाफ वरच्या कडेनं थेट काचेवर येते. बफ नाकाच्या खाली ठेवा.

घरगुती उपाय म्हणजे काचेला आतून दाढीच्या फेसाचा किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून कोरड्या मऊ फडक्यानं पूर्ण पुसून काढायचं. दोन-तीन दिवस टिकतं. चष्मेवाल्यांनी तेच चष्म्यालाही करावं. कायमचा उपाय पिनलॉक: काचेच्या आत दुसरी पातळ काच, मधे बंद हवा, त्यामुळे आतली काच गार होत नाही. हेल्मेटच्या काचेला त्यासाठी जागा लागते, प्रत्येकाला बसत नाही. खर्च होतो, पण धुक्याच्या रस्त्याला हा खर्च मी जॅकेटच्याही आधी करीन.

काळी काच पहाटे नको. दुपारी परतताना ऊन डोळ्यांवर येतं म्हणून लोक काळी लावतात आणि मग सकाळी सहाला काच पूर्ण वर करून, डोळ्यांतून पाणी काढत येतात. पांढरी काच लावा, दुपारी गॉगल घाला.

रायडिंग जॅकेट घ्यायलाच हवं का?

शहरातल्या शहरात पाच-सात किलोमीटर जात असाल तर नाही. रोज हायवेवर वीस-पंचवीस किलोमीटर असेल तर घ्या, पण थंडीसाठी म्हणून नव्हे, पडल्यावर कातडी आणि सांधे वाचावेत म्हणून. खांदा, कोपर, पाठ इथं गादी हवी. त्यावर सीईची (युरोपातल्या सुरक्षा मानकाची) खूण बघा, लेव्हल १ किंवा २. नुसता फोम घातलेली नकली जॅकेटंही पुष्कळ फिरतात. पाठीच्या जागी बहुतेक कंपन्या आधी फोमच देतात, खरं पॅड वेगळं विकत घ्यावं लागतं.

आपल्या हवेला जाळीचं जॅकेट घ्यावं आणि आत काढता-घालता येणारं वाराबंद अस्तर असावं. सकाळी अस्तरासह, दुपारी अस्तर डिक्कीत. पूर्ण बंद, जाड, हिमालयाच्या जाहिरातीतलं जॅकेट घेतलंत तर डिसेंबरातही दुपारी तीनला नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला उकडून निघाल, आणि मार्चपासून ते खुंटीवर. अस्तराऐवजी जॅकेटवरून रेनकोट घातला तरी तेच काम होतं, हे पुन्हा एकदा.

नुसत्या उबेसाठी दरवर्षी थंडीत लागणारे तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल बघा. फ्लीसचं जाकीट आणि अस्तराची जर्किनं तिथं रास्त भावात मिळतात. फक्त चेन दोनदा खाली-वर करून बघा. गाडीवरच्या जर्किनची आधी चेनच जाते.

पायांचं काय? गुडघे दुखतात.

मोटारसायकलवर गुडघे वाऱ्याच्या तोंडावर असतात, आणि जीन्समधून वारा सरळ आत येतो. जीन्सखाली थर्मल पँट घालावी हे सगळे सांगतात. ती कारखान्यात दिवसभर आत राहते आणि दुपारी अंगाला खाज सुटते, हे कुणी सांगत नाही. म्हणून माझी पसंती वरून घालायच्या पँटला: रेनकोटची पँट, पायाशी चेन असली तर बूट न काढता निघते. गेटवर उतरल्यावर एका मिनिटात काढून डिक्कीत.

दूधवाल्यांच्या गाड्या बघितल्यात का? पुढच्या लेगगार्डला गोणपाट किंवा ताडपत्रीचा तुकडा ताणून बांधलेला असतो. पायांवर, गुडघ्यांवर वारा येतच नाही. पण इंजिनापुढची हवा अडते, म्हणून हे गार पहाटेपुरतंच, दुपारी सोडून ठेवायचं. आणि पुढच्या चाकापासून, हँडल पूर्ण वळवूनही, लांब राहील असंच बांधायचं.

बऱ्याच जणांच्या पायात कंपनीचेच सेफ्टी शूज असतात. घोटा झाकतो, सोल जाड, हे चांगलं. पण पुढची स्टीलची वाटी थंडीत गार पडते आणि अंगठा गोठवते. आत लोकरीचा एक मोजा घाला, दोन नको, बूट आवळला की पाय जास्त गार पडतो. शिवाय ती वाटी जाड असल्यानं गिअरच्या दांड्याखाली बूट पटकन जात नाही. मेकॅनिकला सांगून दांडी एक खाच वर करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

सकाळी एवढं सगळं घालायचं आणि दुपारी तीस अंशांत घेऊन कुठं फिरायचं?

हाच आपल्याकडचा खरा प्रश्न आहे, आणि परदेशातल्या सल्ल्यांमध्ये याचं उत्तर नसतं. पहिल्या पाळीवाला साडेतीनला सुटतो तेव्हा ऊन असतं. सकाळची मोटली मग पेट्रोलच्या टाकीवर, मांडीवर, हँडलला अडकवून नेली जाते, आणि हँडलला लटकलेली पिशवी वळताना काय करते ते सांगायला नको.

स्कूटरवाल्यांची डिक्की सुटसुटीत. मोटारसायकलला मागे कॅरिअर आणि त्यावर कुलपाचा टॉपबॉक्स लावला तर आयुष्य सोपं होतं: रेनकोट, मोजे, डबा, परतताना घेतलेली भाजी, सगळं त्यात. बॉक्स नको असेल तर लवचिक जाळी आणि एक प्लॅस्टिकची जाड पिशवी. दोरीनं बांधू नका, सैल टोक चाकात जातं. कंपनीत लॉकर असेल तर हेल्मेट वर घेऊन जा. पार्किंगमध्ये गाडीला अडकवलेल्या हेल्मेटात दुपारी धूळ आणि सकाळी दव भरतं, आणि ओल्या हेल्मेटचा वास बालाक्लाव्हालाही लागतो.

सकाळी गाडी सुरूच होत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्या जवळजवळ सगळ्या इंजेक्शनच्या, म्हणजे पंपानं पेट्रोल फवारणाऱ्या. त्यांना चोक नसतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक ‘झ्झ’ आवाज येतो, तो थांबू द्या आणि मग अ‍ॅक्सिलेटर न पिळता स्टार्टर दाबा. लोक चावी आणि बटण एका दमात दाबतात आणि मग गाडीला शिव्या घालतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढा, दोन किक, सुरू झाली की अर्ध्या मिनिटानं चोक अर्धा, मग पूर्ण आत. चोक विसरून नाशिकपर्यंत गेलात तर पेट्रोलही जातं आणि प्लगही काळा पडतो.

बॅटरी गारठ्यात कमी दम देते, आणि तीन-चार वर्षं जुनी बॅटरी डिसेंबरातच उघडी पडते. बटण दाबल्यावर ‘टक टक’ होऊन थांबत असेल तर दिवसभर बटण दाबत बसू नका, चेक करून घ्या. किक नसलेल्या गाड्यांची बॅटरी तर दिवाळीतच तपासून घ्या. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. १०डब्ल्यू-३० च्या जागी कुणी २०डब्ल्यू-५० टाकलं तर ते गारठ्यात घट्ट राहतं, आणि सकाळी इंजिन जड फिरतं. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. उभ्या गाडीवर अ‍ॅक्सिलेटर पिळत राहण्यानं शेजारी तेवढे जागे होतात.

टायरमध्ये हवा कमी ठेवावी की जास्त?

कंपनीनं सांगितली तेवढीच, पण सकाळच्या गार टायरवर मोजलेली. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय भरलीत तर पहाटे आठ अंशांत ती २७ च्या आसपास दिसते. टायर गळत नाही, हवा आकसते. पंक्चरवाल्याला उगाच ट्यूब काढायला लावू नका.

पहाटे धुक्यात ऊसवाल्या ट्रॉल्या दिसत नाहीत. काय करायचं?

कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि हिवाळाभर चालतं, त्यामुळे धुकं आणि ट्रॉल्या एकाच वेळी रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं दोन्ही बाजूंना आणि मागे बाहेर आलेली, मागचा दिवा एक तर नसतो किंवा उसाखाली झाकलेला. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे दिसतात, त्यावरून ती छोटी गाडी वाटते, आणि तिची खरी रुंदी शेवटच्या क्षणी कळते. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून, मागे चार दगड लावून माणसं निघून जातात. दगड तर आणखीनच दिसत नाहीत.

म्हणून धुक्यात वेग असा ठेवा की समोर जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. तीस मीटर दिसत असेल तर ६० चा वेग हा जुगार आहे. हेडलाइट डिपरवर, अप्परवर नाही: अप्परचा प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चला, पण अगदी कडेला नको, कारण उभी ट्रॉली तिथेच असते. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याला चिकटून जाणाऱ्यांचं नशीब त्या पुढच्या ड्रायव्हरच्या हातात असतं. ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर पुढचा रस्ता दिसेपर्यंत मागे राहा. कामावर पोचायला उशीर झाला तर फार तर अर्धा दिवस कापतील.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) असलं तरी दवानं ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पडून चिरडलेल्या उसाच्या पाचटावर जोरात ब्रेक नको. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या बऱ्याच गाड्यांना साधं सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. ते चाक लॉक होणं थांबवत नाही. तुमच्या गाडीला काय आहे ते आधी बघून ठेवा. जर्किन काळं असेल तर पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, किंवा कंपनीचं केशरी सेफ्टी जॅकेट घालूनच निघा. फुकट मिळतं.

मुलांना शाळेत सोडायचं असतं. पुढे बसवलं तर चालेल?

टाकीवर बसलेलं मूल तुमच्या वाट्याचा सगळा वारा छातीवर घेतं. तुम्हाला ऊब लागते ती त्याच्या जिवावर. मागे बसवा, तुमच्या पाठीच्या आडोशाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मापाचं हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ४० चा कमाल वेग असा नियम २०२२ मध्ये निघाला, फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला घालून उपयोग नाही, ते फिरतं आणि डोळ्यांवर येतं. मुलाला थंडी वाजते ते तो सांगतोच असं नाही, ओठ बघा. मागे बसणाऱ्या बाईमाणसांनी दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून बसावं. एका बाजूला बसलं की वारा तर लागतोच, आणि धक्का बसला तर आधार काहीच नसतो.

निघण्याआधी थोडी घेतली तर ऊब राहते म्हणतात.

राहत नाही. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेनं अंगातली ऊब बाहेर जाते. कायद्याचं तर बोलायलाच नको. चहा प्या. आडगावला, चांदोरीला थांबून दहा मिनिटं दोन्ही हातांत ग्लास धरून बसा. बोटं नीट मुडपेपर्यंत पुन्हा गाडीवर बसू नका.

इलेक्ट्रिक स्कूटर थंडीत कमी का पळते?

गार बॅटरी कमी देते आणि हळू चार्ज होते. आपल्या थंडीत फरक बेताचाच पडतो, तरी ऐंशी किलोमीटरच्या भरवशावर पंच्याहत्तरचा बेत आखू नका. रात्री उशिरा चार्जिंगला लावून पहाटे काढली तर बॅटरी कोमट असते, तेवढा फायदा होतो.

नाक वाहतं, ओठ फुटतात, दमा आहे.

बफला नाक पुसलं जातंच, म्हणून दोन बफ ठेवा आणि रोज धुवा. ओठांना आणि नाकपुड्यांना निघण्याआधी व्हॅसलीन किंवा घरचं तूप. दम्याच्या माणसानं पंप आतल्या खिशात ठेवावा, बाहेरच्या खिशात तो गार पडतो. गार हवेनं धाप लागत असेल तर डॉक्टरांना सांगून त्या दोन महिन्यांपुरती बस किंवा शिफ्टची अदलाबदल बघावी.

हे सगळं माळ्यावर कधी टाकायचं?

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं म्हणतात, आणि आपल्याकडे तो हिशेब बऱ्यापैकी जुळतो. तरी हातमोजे आणि बफ होळीपर्यंत डिक्कीत राहू द्या, द्राक्षकाढणीच्या दिवसांत एखादी पहाट फसवते. ठेवताना मोजे आतून उलटे करून सावलीत वाळवा. चामड्याचे असतील तर उन्हात नको, कडक होतात. थोडं खोबरेल चोळलं तर बरं. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर काढून साध्या साबणानं धुवा. जॅकेट धुताना गाद्या काढायला विसरू नका. स्वेटरांत कडुनिंबाचा पाला. रेनकोट मात्र खालीच ठेवा, अवकाळी पाऊस कधीही येतो.